मुद्दे निघाले तो दिवस

वादपत्राच्या, म्हणजे वाटपाच्या दाव्यासाठी कोर्टात द्यायच्या लेखी मजकुराच्या, दुसऱ्या पानावर वंशावळ होती. वर आजोबांचं नाव, पुढे 'मयत'. शेजारी आजीचं, तिच्याही पुढे 'मयत'. खाली एक उभी रेघ, तिला आडवी रेघ आणि आडव्या रेघेला लोंबणारी तीन नावं: आई, मावशी, मामा. वकीलबाईंनी कच्चा मसुदा वाचायला दिला, तर आई त्या पानाच्या पुढे जाईना. पदराला चष्मा पुसून तिनं पुन्हा पाहिलं. म्हणाली, "आमची तिघांची नावं एका वळीत मी कधी बघितलीच न्हवती."

सातबाऱ्यावर ती तशी नव्हतीच. आजोबा १९९८ मध्ये गेले. वारसाचा फेरफार झाला, नावं चढली, पण भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, म्हणून एकटा मामा आणि आई-मावशी 'इतर हक्क'च्या रकान्यात. आपल्याकडे कितीतरी लेकींची नावं अशी बाजूच्या रकान्यात जातात आणि तिथंच राहतात. उताऱ्यावर नाव आहे म्हणजे काळजी नाही, या समजुतीत आईनं वीस वर्षं काढली.

माझं आजोळ दक्षिण सोलापूर तालुक्यात, मंद्रूपच्या पुढे. घरात थोडं कन्नड, थोडं मराठी. आई मामाला 'तम्मा' म्हणते, तो तिला 'अक्का'. नऊ एकर काळं रान, रब्बीची मालदांडी ज्वारी, कडेनं तूर. विजयपूरचा रस्ता रुंद झाला आणि त्या बाजूच्या जमिनींचे भाव बघता बघता चढले. रस्त्यालगतच्या दोन एकरांचा सौदा चाललाय, हे आम्हाला एका लग्नाच्या पंगतीत तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आईनं फोन केला. "बघू की अक्का," असं मामा दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं फोन उचलला नाही.

पुढची पाच वर्षं मी आईचा हात धरून कोर्टाच्या पायऱ्या चढले. आता ओळखीच्या बायका मला विचारतात, दावा लावला की नेमकं होतं तरी काय? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवात नोटिशीनं झाली. दोन खाजगी माणसांच्या अशा वादात नोटीस दिलीच पाहिजे असं बंधन नसतं. सरकारवर दावा लावायचा तर मात्र सहसा दोन महिन्यांची नोटीस लागते. तरी वकीलबाई म्हणाल्या, आधी नोटीस जाऊ दे, एखाद्या वेळी तेवढ्यावर भागतं. रजिस्टर पोस्टाची पोच मामाच्या सहीनिशी परत आली. उत्तर आलं नाही.

मग आई तीन महिने गप्प होती. "भावावर कोर्ट करून भाऊबीजेला कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणायची. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे तिला गल्लीतल्या प्रत्येकानं ऐकवलं. मला त्या म्हणीचा राग यायला लागला होता, कारण बहिणीला न विचारता जमीन विकायला काढणाऱ्याला ती कुणीच ऐकवत नव्हतं. मुदतीची भीती मात्र नव्हती. एकत्र मिळकतीतून आपल्याला वगळलं आहे हे कळल्यापासून बारा वर्षांत दावा लावता येतो, आणि आम्हाला तर ते आत्ता कळलं होतं. शेवटी वकीलबाईच तिला म्हणाल्या, "आजी, भांडण तर झालेलंच आहे. आता ते नीट लिहून काढू."

लिहून काढणं सोपं नव्हतं. चतुःसीमा सांगताना आई म्हणाली, "दक्षिणेला लिंबाचं झाड." वकीलबाई म्हणाल्या, झाड चालत नाही, लगतचा गट नंबर सांगा. दाव्याला कारण कधी आणि कुठे घडलं, मिळकतीचं मूल्यांकन किती, कोर्टाकडे नेमकी मागणी कोणती, हे सगळं क्रमानं यावं लागतं. दाव्याला कारण घडल्याचं मजकुरातून दिसलंच नाही, तर वादपत्र उंबऱ्यावरच नाकारलं जाऊ शकतं. आईनं दहा गोष्टी सांगितल्या तर त्यांतल्या आठ बाहेर राहिल्या. नातवाच्या बारशाला बोलावलं नाही, हे बाहेर. आजीच्या सोन्याच्या पाटल्या आजी गेल्यावर दिसल्याच नाहीत, हेही बाहेर, कारण पुरावा नाही. आईला हे फार लागलं. "माझं खरं दुखणं तर यात आलंच न्हाई," ती म्हणाली. त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार यावे लागतात. जिच्याशी काडीचं भांडण नाही, तीसुद्धा. नाहीतर आवश्यक पक्षकार सोडला म्हणून दावा लंगडा पडतो. त्यामुळे अक्कलकोटला राहणारी माझी साधीभोळी मावशी कागदावर 'प्रतिवादी क्रमांक २' झाली. बेलीफ समन्स घेऊन दारात गेला, शेजारीपाजारी बाहेर आले. रात्री तिचा फोन आला. "अक्का, मी काय केलं गं तुझं?" आई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं अक्कलकोटला गेली आणि दोन दिवस राहून आली. ज्यांना असा दावा लावायचा असेल, त्यांनी समन्स पोचायच्या आत अशा माणसाच्या घरी जाऊन यावं. तो कागद काय आहे, हे आपल्या तोंडून कळलेलं बरं.

दावा दाखल करायच्या दिवशी आईनं रुमालात पैसे बांधून आणले होते, कोर्ट फी म्हणून. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो, आणि त्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. रुमाल तसाच परत आला. येताना नव्या पेठेत आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी निवांत बसून चहा प्यायलो.

दाव्याबरोबर निशाणी ५ चा अर्ज होता. कोर्टाच्या फाइलमध्ये प्रत्येक कागदाला निशाणी नंबर पडतो आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज इकडे 'निशाणी पाच' म्हणूनच ओळखला जातो. गावाकडची माणसंसुद्धा एकमेकांना विचारतात, "पाच मंजूर झालं का?" त्यात तीन गोष्टी बघतात. प्रथमदर्शनी बाजू आहे का, सोय-गैरसोयीचं पारडं कुणाकडे झुकतं, आणि मनाई दिली नाही तर भरून न येणारं नुकसान होईल का. आमचा अर्ज मंजूर झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मामानं जमीन कुणाला विकायची नाही. सौदा थांबला. माझ्या दृष्टीनं निम्मी लढाई तिथंच झाली होती, पण आई त्या रात्री जेवली नाही. "तम्माची गावात मान खाली गेली असंल."

कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस असतात, कारण दाखवून नव्वदपर्यंत वाढतात. मामाची कैफियत ऐंशीच्या पुढच्या कुठल्यातरी दिवशी आली. मी ती घरी आईला वाचून दाखवली. पहिल्या परिच्छेदांत नेहमीचंच: दावा खोटा आहे, मुदतबाह्य आहे, वादीच्या लग्नात वडिलांनी भरपूर खर्च केला, वादीनं आपला हिस्सा तोंडी सोडून दिला. आई मान हलवत होती. मग पुढे आलं की विहीर आणि पाइपलाइन प्रतिवादीनं सोसायटीचं कर्ज काढून केली, पहिल्या विहिरीला पाणी लागलं नाही, आणि आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, आजारपणाचा सोलापुरातल्या दवाखान्याचा सर्व खर्च प्रतिवादीनं एकट्यानं सोसला. आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. "पहिली हीर कोरडी गेली व्हय? मला म्हाईतच न्हाई." वीस वर्षांत भावानं जे बहिणीला सांगितलं नव्हतं, ते त्यानं शेवटी वकिलाच्या भाषेत, 'सदर प्रतिवादी'च्या आडून सांगितलं होतं.

मग २०२० आलं आणि सगळंच थांबलं. त्याच वर्षी ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा खटल्यातला निकाल आला. मामाच्या वकिलांचा जोर एकाच मुद्द्यावर होता: मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची, आणि आजोबा तर १९९८ मध्येच गेलेले. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना हा हक्क दिला होता, पण त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. आईचं लग्न १९७६ चं. म्हणजे वडिलांच्या वाट्यातला वाटा तिला मिळाला असता, भावाच्या बरोबरीचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती. मी सांगितलं. "म्हंजे जन्मल्यापासनंच होता हिस्सा?" तिनं विचारलं. होता, म्हटलं. तिनं काही न बोलता शेंगांची पाटी बाजूला सारली आणि देवापुढे जाऊन बसली.

कोर्ट पुन्हा नीट सुरू झालं आणि मुद्दे निघाले. वादपत्र आणि कैफियत समोरासमोर ठेवून कोर्ट बघतं की दोघांचं कशावर एकमत आहे आणि नेमकं कशावर नाही. जिथे नाही तिथे एकेक प्रश्न. डाव्या बाजूला 'मुद्दे', उजवीकडे 'निष्कर्ष' आणि तो रकाना कोरा. आमचे पाच निघाले. दावा मिळकत एकत्र कुटुंबाची आहे हे वादी शाबीत करतात काय? वादीचा त्यात एकतृतीयांश हिस्सा आहे काय? वादीनं हिस्सा सोडून दिला हे प्रतिवादी क्रमांक १ शाबीत करतात काय? दावा मुदतीत आहे काय? आणि शेवटचा, प्रत्येक दाव्यात असतो तो: काय हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम निर्णय काय?

त्या एका कागदानं माझ्यावर जो परिणाम केला तो निकालानंही केला नसता. आमच्या घरातली वीस वर्षं, लग्नातले रुसवे, न उचललेले फोन, मामीचं बोलणं, आईचं रडणं, ते सगळं अर्ध्या पानावर पाच ओळींत मावलं होतं. शिवाय कुणी काय शाबीत करायचं तेही ठरलं होतं. हिस्सा सोडला म्हणतोस ना, मग तू दाखव. स्थावर मिळकतीतला हिस्सा नुसत्या तोंडी बोलण्यानं सुटत नाही, त्याला नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं, हे मामाच्या वकिलांनाही माहीत होतं. आईचं खरं दुखणं दाव्यात आलं नाही म्हणून मी कुढत होते. मुद्दे वाचल्यावर कळलं की कोर्टाला सोडवता येईल तेवढं कोर्टानं उचललं आहे आणि बाकीचं आमच्या पुढ्यात ठेवलं आहे. पाटल्यांचा मुद्दा निघत नसतो. तो आम्हालाच सोडवावा लागणार होता.

कोर्टातल्या बाकावर माणसं भेटत. शहराच्या पूर्व भागातले एक टॉवेलचे कारखानदार नेहमी शेजारी असायचे. परराज्यातल्या व्यापाऱ्यानं माल उचलून पैसे थकवले होते. त्यांनी मला मुदतीचं गणित समजावलं: उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं. त्या तीन वर्षांच्या आत देणेकऱ्यानं लेखी कबुली दिली, तर तिथून मुदत नव्यानं मोजतात. म्हणून ते दर दिवाळीला खाते-उताऱ्यावर सही घेत आणि एका वर्षी संकोचानं राहून गेली. चांगल्या संबंधांपायी राहिलेली सही. आपापसांत ते तेलुगूत बोलत, माझ्याशी मराठीत, आणि दुपारी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा मधोमध उघडत. त्यांच्या दाव्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. बरं झालं असावं अशी फार इच्छा आहे.

आईची सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायची साक्ष, शपथपत्रावर झाली, हल्ली तशीच होते. उलटतपास मात्र उभं राहूनच द्यावा लागतो. एप्रिलचा महिना, डोक्यावर पंखा, खाली सोलापूरचं ऊन. मामा मागच्या बाकावर होता. मामाचे वकील सभ्य होते. ते प्रश्न विचारत, आई उत्तर देई आणि लिहून घेतलं जाई: 'हे म्हणणे खरे आहे की...', 'हे म्हणणे खोटे आहे की...' हिस्सा सोडला का? नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईच्या दवाखान्याचा खर्च कुणी केला?

वकीलबाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, विचारलं तेवढंच बोला. आई म्हणाली, "त्यानंच केला. समदा त्यानंच केला. मी दोन वेळा डबा नेला, तेवढंच." क्षणभर वकीलही थांबले. हे म्हणणे खरे आहे की माझ्या आईच्या औषधोपचाराचा सर्व खर्च प्रतिवादी क्रमांक १ यांनी केला. लिहून झालं. मी मागे वळून पाहिलं. मामा खाली बघत होता.

पुढच्या तारखेला त्याच्याच वकिलांनी मध्यस्थीची गोष्ट काढली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली, समझोत्याची शक्यता दिसली तर कोर्ट प्रकरण मध्यस्थाकडे, लोक अदालतीकडे पाठवू शकतं. हे कलम आजच्या रूपात २००२ पासून लागू आहे. पण बोलणं आधी आणि कोर्ट नंतर, हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दक्षिणेतले दंगे म्हणतात ते हेच. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चारच जिल्ह्यांसाठी. त्यात सलोखा घडवणारे अधिकारी नेमायची तरतूद होती. शेतकऱ्याशी वाद असेल तर आधी त्यांच्यापुढे जायचं आणि तिथे जमलं नाही असा दाखला आणल्यावर दावा लावायचा. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच मुलखात कर्जदार आणि सावकार असे समोरासमोर बसवले जात होते, हे वाचून मला आधार वाटला होता.

मध्यस्थीची खोली छोटी होती. मध्यस्थ बाईंनी पहिल्यांदा एवढंच सांगितलं की इथं बोललेलं कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मग दोघांना एकत्र, नंतर वेगवेगळं, पुन्हा एकत्र बसवलं. पहिल्या बैठकीत काही निघालं नाही. दुसरीत मध्यस्थ बाईंनी आईला विचारलं, जमिनीशिवाय काही आहे का मनात? आई म्हणाली, "आईच्या पाटल्या."

मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अक्का, त्या शस्त्रक्रियेला मोडल्या. आईनंच काढून दिल्या. तुला सांगू नको म्हणाली. लेकीच्या वाट्याचं मोडलं म्हणून रडत होती."

"मला सांगायचं होतंस की तम्मा," आई म्हणाली. इतकंच. तिच्या तोंडून कोर्टाच्या आवारात 'तम्मा' मी पहिल्यांदा ऐकलं.

बाकीचं दोन बैठकींत झालं. आईनं तीन एकरांऐवजी अडीच घेतले, त्यांतला अर्धा एकर रस्त्याकडचा. अर्धा एकर तिनं विहिरीपोटी आणि आजीच्या आजारपणापोटी सोडला. कुणीही मागितला नव्हता. विहीर मामाची, पण आठवड्यातून एक दिवस पाण्याची पाळी आईची. मावशीला जमीन नको होती, तिला दोन हप्त्यांत रक्कम. वकीलबाईंनी हे सगळं तडजोड पुरशिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात, घातलं, सोबत हातनकाशा जोडला. न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं, वाचलं का, मान्य आहे का, कुणाचा दबाव तर नाही? तिघं भावंडं 'मान्य आहे' म्हणाली. मराठ्यांच्या काळात निवाडा झाला की हरणाऱ्याकडून यजितखत लिहून घेत, आपण हरलो अशी कबुली. पुरशिसवर तिघांच्या सह्या एकाखाली एक होत्या आणि हरलेला असा कुणी त्यात नव्हता. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं, त्यामुळे हे प्रकरण वर कुठे जाणार नव्हतं. नाहीतर सोलापूरकरांना तेव्हा उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, तेवढं अंतर तरी कमी झालं.

प्रत्येकाचं असं होत नाही, हे मला माहीत आहे. काही दावे शेवटपर्यंत लढवावेच लागतात, कारण समोरचा खोलीत येऊन बसतच नाही. आणि निशाणी पाच मंजूर झाली नसती, डोक्यावर मुद्द्यांचा कागद नसता, तर मामाही बसला नसता असं मला आजही वाटतं.

हुकूमनाम्यानंतरही कागद चालत राहिले. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टानं, १८७२ मध्येच म्हणून ठेवलंय. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदार, मग मोजणी. आमची मोजणी सिद्धेश्वरांची यात्रा सरल्यावर, जानेवारीच्या अखेरीस लागली. ज्वारी कमरेच्या वर होती. मोजणीदार खुणा करत दक्षिणेच्या बांधावर आले, तर रेघ नेमकी लिंबाच्या झाडातून जात होती. ते म्हणाले, हात-दीड हात इकडे तिकडे चालेल, दोघांनी सांगा झाड कुणीकडे धरायचं.

आई काही बोलायच्या आत मामा म्हणाला, "अक्काकडं धरा. तिनं लावलंय ते."